सहज कोण येतंय?

हडपसरहून माझ्या गावाला जायला एकही वळण घ्यावं लागत नाही. गाडीतळावर सोलापूरकडं तोंड करून उभं राहायचं आणि पुढं शंभरावर किलोमीटर वळायचं नाही, एवढंच. या रस्त्याला पूर्वी नऊ नंबरचा हायवे म्हणत, आता पासष्ट नंबरचा म्हणतात. नंबर बदलला, रस्ता सरळच राहिला. मी मात्र अकरा वर्षं रोज संध्याकाळी वळतोय. ऑफिस सुटलं की गाडीतळावर यायचं आणि फुरसुंगीच्या शेअर रिक्षात चौथा माणूस म्हणून मांड्या चोरून बसायचं.

जानेवारीतल्या त्या शुक्रवारी रिक्षात चौथी जागा नव्हती. पाचवी होती, पण ती ड्रायव्हरच्या मांडीवर. तेवढ्यात मागून इंदापूरची एसटी आली आणि तिच्यात मला खिडकीची एक अख्खी रिकामी सीट दिसली. बायको मुलीला घेऊन फलटणला माहेरी गेली होती, मामेबहिणीच्या साखरपुड्याला. घरात फ्रिजमधल्या वरणाशिवाय माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. चढलो. मेथीची जुडी घेताना मी याहून जास्त विचार करतो.

"एक लोणी द्या," मी कंडक्टरला म्हणालो.

"मग गाडीत कशाला चढला? रिक्षानं जायचं की."

"काळभोर नव्हे हो. देवकर."

हे मला आयुष्यभर पुरलंय. पुणे जिल्ह्यात लोणी कमी आणि लोण्या जास्त. याच रस्त्यावर लोणी काळभोर, नगर रस्त्यावर लोणी कंद, आंबेगावात लोणी धामणी आणि आमच्या शेजारच्या बारामती तालुक्यात लोणी भापकर. जिल्ह्याबाहेर प्रवरेची लोणी आहे, तिनं तर नाव एवढं काढलंय की 'लोणी' म्हटल्यावर लोक आदरानं बघतात आणि 'देवकर' म्हटल्यावर तो आदर परत घेतात. माझं लग्न ठरताना फलटणच्या मंडळींनी गुपचूप येऊन चौकशी केली, ती लोणी भापकरला. तिथं आमच्याच आडनावाचं घर निघालं. माणसं सज्जन, दारात दोन ट्रॅक्टर, विहिरीला पाणी. होकार आला. आम्हाला ट्रॅक्टर नाही हे त्यांना अक्षता पडल्यावर कळलं. सासरे अजूनही अधूनमधून म्हणतात, "तसं ते घर चांगलं होतं."

गाडी निघाली. उरुळी कांचन गेलं. तिथं 1946 साली गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम काढला, माती-पाण्यानं माणूस बरा व्हावा म्हणून. तिथून अर्ध्यापाऊण तासानं चौफुला येतं, तिथं लावणीची कला केंद्रं आहेत. बरं व्हायचे दोन्ही मार्ग एकाच रस्त्यावर असल्यामुळं आमच्या भागातली माणसं पुण्याला निघाली की घरातून कुठं उतरणार हे आधी विचारून घेतात. पुढं कुरकुंभला कारखान्यांचा वास आला आणि झोपलेली अर्धी गाडी शिंकून जागी झाली. भिगवण आलं तेव्हा थंडी खिडकीच्या फटीतून थेट कानात शिरत होती. माझ्याकडं स्वेटर नव्हता. लॅपटॉपची काळी बॅग होती, ती छातीशी धरली.

पावणेदहाला कंडक्टरनं गावात बेल मारली. "थांबा न्हाय हितं, पटकन उतरा," म्हणाला, आणि वर ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "देवकर हायत, भापकर न्हाय!" माझ्या आडनावाशी याचा काही संबंध नव्हता, पण थंडीत कुठं वाद घालणार.

हायवेच्या कडेचा चहावाला शटर ओढत होता. त्यानं माझ्याकडं, मग माझ्या मागं, मग माझ्या हाताकडं बघितलं.

"एकटंच?"

"हो."

"पिशवी न्हाय?"

"नाही."

त्यानं शटर अर्ध्यातच सोडलं आणि खिशातून मोबाइल काढला.

आमची वस्ती गावापासून दोन किलोमीटर आत आहे. भावकीतल्या एका पोरानं मोटरसायकलवर घेतलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. उतरवताना मात्र "काळजी घ्या, भाऊ," म्हणाला. वस्तीवर सगळ्या लायटी लागलेल्या. दादा अंगणात उभा, वहिनी दारात, आई तिच्या मागं. आप्पा बाजेवर बसलेले, डोक्याला टोपी. आप्पा रात्री टोपी घालतात ते दोनच प्रसंगी: कुणी गेलं तर, किंवा सोयरीक जमवायला पाहुणे आले तर.

"काय झालं?" आप्पा म्हणाले.

"काही नाही. सहज आलो."

"सहज," आप्पा दादाकडं बघत म्हणाले. डॉक्टर कंपाउंडरला रोगाचं नाव सांगतो, तसं.

"आन् सूनबाई?" आईनं विचारलं.

"माहेरी गेलीय."

कुत्रंसुद्धा भुंकायचं थांबलं.

"कवा?"

"परवा."

"यायची कवा?"

"रविवारी म्हणालीय. बघू."

त्यातला 'बघू' नडला. मी घाईघाईनं साखरपुडा काढला, मामेबहीण काढली, मुलाकडच्यांचं गाव सांगितलं. जितकं सांगत गेलो तितकं ते रचलेलं वाटायला लागलं. मलाही. "व्हय व्हय," आई म्हणाली, "आसंल की," आणि पदराला हात पुसत आत गेली.

हुलग्याचं शेंगोळं होतं आणि बाजरीची भाकरी. बाकीच्यांची जेवणं झालेली, त्यामुळं चौघं समोर बसून मी कसा जेवतो ते बघत होते. मी चार भाकरी खाल्ल्या. त्याचा अर्थ आईनं वेगळा लावला आणि वहिनीनं वेगळा, एवढं मला त्यांनी एकमेकींकडं बघितलं त्यावरून कळलं.

सकाळी तोंड धुतोय तोवर चुलते आले, नाना. बांधाच्या पलीकडं त्यांचा गहू आहे. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते बराच वेळ गव्हाकडं बघत राहिले.

"कंपन्या मानसं काढाय लागल्यात म्हनं. मोबाइलात आलं हुतं."

"माझी आहे, नाना. नोकरी आहे."

"आसू दे, आसू दे. आपल्या हितं एमआयडीसी हाय की. वळखीचा मानूस हाय माजा. गेटवर एक जागा हाय, सावलीतली." मग आवाज खाली घेऊन, "इंग्लिस येतं म्हनून सांगतो त्याला."

नाना गेले तोवर एक पांढऱ्या शर्टातला माणूस मोटरसायकलवरून आला. त्याला आमच्यापैकी कोणीच नीट ओळखत नव्हतं, पण तो सगळ्यांना ओळखत होता. "हायवे टच काय काढताय का?" त्यानं माझ्या काळ्या बॅगेकडं बघत विचारलं. ती बॅग रात्रभर ओट्यावर होती आणि सकाळपर्यंत तिची वकिलाची झाली होती. 'नाही' म्हटल्यावर तो समजुतीनं हसला. "बराबर हाय. आत्ताच बोलू नगा. भाव वाडंल."

मी आप्पांजवळ जाऊन बसलो. म्हटलं, आप्पा, माणूस आपल्या घरी उगाच येऊ शकत नाही का? आप्पांनी तंबाखू मळली, थापटली, दाढेखाली ठेवली.

"उजनीचं धरान व्हायच्या आदी," ते म्हणाले, "आसाच एक मानूस आल्ता. हातात कातड्याची पिशवी. कोन, कुटलं, म्हनून इचारलं, तर म्हनला, सहज आलोय, पानी पितो आन् जातो. तुज्या आज्जीनं त्याला गूळ दिला. म्हैन्यानं तोच मानूस दुर्बीन घिऊन आला आन् मोजनी करून गेला. म्हनला, हितवर पानी येनार."

यावर मी काय बोलणार? 1980 च्या सुमाराला धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी खरंच तिथवर आलं. पळसदेव अख्खं उठलं. त्याचं पळसनाथाचं देऊळ अजून पाण्यात आहे आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं. धरणाचं नाव सोलापूरच्या बाजूला आणि त्याचा फुगवटा आमच्या उशाला. त्या पाण्यावर आम्ही ऊस केला, हे खरंच. पण पाणी प्यायला येणाऱ्याबद्दलचा संशय त्याच्याही आधी पेरलेला.

उजनीचा हिशोबही सरळ नाही. साठा 117 टीएमसीच्या आसपास, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा. म्हणजे धरणात जिवंत पाण्यापेक्षा मेलेलं पाणी जास्त. टक्के मोजायचे ते मेलेल्याच्या वर. त्यामुळं समोर मैलभर पाणी पसरलेलं असतं आणि पेपरात येतं, उजनी उणे इतके टक्के. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या घरात गेलं होतं. आमच्याकडं पोरांना ऋण संख्या शिकवाव्या लागत नाहीत, ती आधी शिकूनच शाळेत जातात. आणि पाणी उणे झालं की लोक मोटरी उचलून, केबल आणि पाइप वाढवत पाण्याच्या मागं जातात, रुसून गेलेल्या माणसाच्या मागं जावं तसं.

दुपारी दादाबरोबर मोटर बघायला फुगवट्यावर गेलो. पलीकडं एका होडीत जाकिटं घातलेली पाचसहा पुण्याची माणसं कॅमेरे लावून बसली होती. ही मंडळी पहाटे तीनला उठून कुंभारगावला येतात, रोहित पक्षी बघतात, चिलापीचं कालवण खातात आणि दुपारी परत जातात. रोहितही कुणाला न सांगता येतात. थंडीला शेकड्यांनी उतरतात, महिनोन् महिने राहतात, एका पायावर उभे राहून चिखल उपसतात. त्यांना कोणी "काय झालं?" म्हणत नाही. "माहेरी गेलीय का?" म्हणत नाही. उलट होड्या सजवतात. हे मी दादाला बोलून दाखवलं. तो मोटरीचा पत्रा ठोकत म्हणाला, "त्यांचं नाव सातबाऱ्यावर न्हाय."

तिथंच माझी बुद्धी फिरली. वाटलं, या लोकांना कारण हवंय ना, देऊन टाकू. सातबारा हा शब्द कानात ताजा होता. संध्याकाळी सगळे बसलेले असताना मी म्हणालो, "आलोच होतो तर तो सातबाऱ्याचा उतारा घेऊन जावा म्हणतो. बँकेत लागतोय."

दुपारपर्यंत मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळत होता. त्यानंतरचा चहा कपबशीत आला. शहरातल्या वाचकांना यातलं गांभीर्य कळणार नाही. पेला घरच्या माणसाला, कपबशी पाहुण्याला. "घ्या, भावजी," म्हणत वहिनीनं बशीत दोन बिस्किटंही ठेवली. म्हणजे चूल वेगळी झाली होती, फक्त विटा लावायच्या राहिल्या होत्या.

दादा उठून गोठ्यात गेला. म्हैस दिवसात एकदाच धुतात, त्यानं ती पुन्हा धुतली. आप्पांनी काठीनं अंगणात एक लांबट चौकोन काढला, मध्ये रेघ मारली, एका कोपऱ्यात गोल काढला.

"ही हायवेकडची बाजू. ही आतली. हिर समाईक. पाळी आठ-आठ दिसाची. कलम 85 खाली अर्ज टाकला की तशिलदार करून देतो."

आमच्या भागात बाराखडी येत नसलेल्यालाही महसूल अधिनियमातलं कलम 85 पाठ असतं. मी म्हणालो, "आप्पा, मला वाटणी नकोय."

"कोन नगं म्हनतंय?" आप्पा म्हणाले. "मीबी तुज्या आज्ज्याला आसंच म्हनलो हुतो. वाटनी झाली म्हनून तर नाना बांदाच्या पल्याड हाय."

त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रपाळीची होती. आठ तास मिळते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. अकराच्या पुढं दादा खोरं घेऊन निघाला. मला त्यानं बोलावलं नाही आणि नको असंही म्हणाला नाही. मी मागोमाग गेलो, ऑफिसच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडून. ऊस 86032. ही जात कोइमतूरच्या संशोधन संस्थेनं दिली. दादा तिच्याविषयी घरच्या मुलीसारखं बोलतो आणि 265 विषयी शेजारणीसारखं. दादानं स्टार्टर दाबला आणि लांबून पाइपातून पाणी ढेकर देत आलं. मी मोबाइलचा उजेड धरून सरीच्या तोंडाशी उभा. पाणी भरलं की हे दारं मोडायचं, पुढचं धरायचं. काम सोपं आहे, फक्त थंडी, चिखल, अंधार आणि साप एवढंच बघावं लागतं.

तिसऱ्या सरीला दादा म्हणाला, "वाटनी पायजे आसंल तर तोंडानं सांग. बँकेचं कशाला?"

"नकोय रे दादा. तुम्ही सगळे कारण मागत होता, म्हणून दिलं."

"आरं मग दुसरं कायतरी द्यायचं. पोट दुकतंय म्हनायचं. सातबारा म्हनतंय का कोन?"

"खरंच सहज आलो होतो. गाडीत जागा होती."

दादानं खोरं टेकवलं. अंधारात त्याचं तोंड दिसत नव्हतं. बराच वेळ तो गप्प राहिला आणि मग हसायला लागला, खालच्या आवाजात, पोटातल्या पोटात. मीही हसलो. वहिनीचं 'घ्या, भावजी' ऐकल्यावर त्याला काय वाटलं ते त्यानं सांगितलं, मी त्याला दुसऱ्यांदा धुतलेल्या म्हशीवरून छेडलं. लहानपणी मोटरीच्या हौदात पडलो होतो ते निघालं, आज्जीनं दोघांना एकाच काठीनं मारलं होतं ते निघालं. आम्ही बांधावर बसून बोलत राहिलो आणि इकडं पाणी बांध फोडून नानांच्या गव्हात गेलं. पहाटे लाइट गेली तेव्हा कळलं.

सकाळी नाना आले. आम्ही दोघं शिव्या खायला तयार होऊन उभे राहिलो. नानांनी माझा हात हातात घेतला. "यवडं करायची गरज न्हवती," ते म्हणाले. "पानी द्यायची पाळी माजीच हुती, पर कंबर धरलीया. नोकरीचं मी बगतो."

रविवारी दुपारी निघालो. पिशवीशिवाय आलो होतो, जाताना चार डाग झाले. बाजरीचं पीठ, हुलगे, डाळिंबं आणि तुपाची बरणी. बरणीच्या तोंडाला आईनं फडकं बांधलं, त्यावर प्लास्टिक, त्यावर पुन्हा फडकं. मग एकेकानं मला बाजूला घेतलं. आईनं गोठ्यामागं नेऊन हातात रुमालाची गाठ दिली. आत पाचशेच्या चार नोटा होत्या. "हुईल समदं," म्हणाली, "तवर पुरव." वहिनीनं साडीची पिशवी दिली. "जाऊबाईंना द्या. आन् भावजी, मानूसच चुकतं. तुमीच फोन करा आदी." मी फोन आधीच केला होता, रोज करत होतो. पण साडी घेतली. दादानं घडी केलेला कागद दिला. डिजिटल सहीचा सातबारा, पंधरा रुपये भरून त्यानं मोबाइलवरून काढून इंदापूरच्या पोराकडून छापून आणला होता. "आता बँकेत दे," म्हणाला आणि तोंड फिरवून हसला.

आप्पांनी काही दिलं नाही. आप्पा शहात्तर वर्षांचे आहेत. 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली, आणि आप्पांची पंच्याहत्तरी झाल्यापासून ते दाढी करायलाही इंदापूरला जातात. पुण्याला मात्र कधी येत नाहीत. या म्हटलं की म्हणतात, "कारन काय यायला?" मी पाया पडलो तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "गाडी हडपसरला किती वाजता पोचती?"

बायकोला सगळं सांगितलं. ती साडी उलगडून बघत म्हणाली, "म्हणजे आपलं भांडण झालंय, आणि मला माहीतच नाही." मग थोडं थांबून, "नक्की सहजच गेला होतास ना?"

तिसऱ्या शनिवारी सकाळी साडेसातला बेल वाजली. दार उघडलं तर आप्पा. डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी, खांद्यावर घोंगडी. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं आणि तसंच राहिलं.

"काय झालं?" मी म्हणालो.

"कुटं काय. सहज आलो." चपला काढत ते आत आले. "तिकीट पडत न्हाय मला."

बायको स्वयंपाकघरातून आली, त्यांच्या पाया पडली आणि माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. आप्पा सोफ्याच्या कडेवर बसून पंख्याकडं बघत होते. टोपी त्यांनी काढली नव्हती. मी गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं आणि दादाला फोन लावला.

"आप्पा आलेत," मी हळू आवाजात म्हणालो. "काय झालंय घरी?"

"मला वाटलं तुला म्हाईत आसंल," दादा म्हणाला. त्याच्याकडून भांड्यांचा आवाज येत होता, आई मागून काहीतरी विचारत होती. "पहाटंच टोपी घालून गेल्यात. आमी समदी तुज्याच फोनची वाट बगतोय."